गॅरेजातला नाखवा

ब्रिटनमध्ये समुद्रापासून सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे डर्बीशरमधलं कोटन-इन-द-एल्म्स हे खेडं. तिथून जवळात जवळचा किनारा सुमारे ११३ किलोमीटरवर. अशा कोरड्या मुलखातच गॅरेजातला नाखवा हा प्राणी जोमाने वाढतो. ओळखायची खूण सोपी: हिवाळ्यात मोटार बाहेर दंव खात उभी, आणि गॅरेजात होडी, तीसुद्धा बायकोचं विजेचं पांघरूण ओढून. त्यालाही कारण आहे. सांधे जोडायचं इपॉक्सी थंडीत लवकर घट्ट होत नाही. बायकोचं काय, ती दोन स्वेटर घालते.

गृहस्थ बहुधा विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, नाहीतर गणिताचा मास्तर. हातात पेन सोडून दुसरं हत्यार कधी धरलेलं नसतं. अशा माणसाला होडी बांधायची हिंमत दिली ती एका वर्तमानपत्राने. १९६३ च्या सुमारास ‘डेली मिरर’ने आपल्या नावाची एक छोटी होडी बाजारात आणली. लांबी जेमतेम ३.३ मीटर, नाक बसकं, शिडं लाल. आराखडा जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरच्या घरी सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल या दोघांचा. युक्ती अशी की प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे, सांध्यावर काचेच्या धाग्याची पट्टी राळेने चिकटवायची आणि तारा छाटून टाकायच्या. टाके घालता आले की होडी होते म्हटल्यावर जन्मात शर्टाचं बटण न लावलेले पुरुष गॅरेजात घुसले. आजवर सत्तर हजारांच्या आसपास ‘मिरर’ झाल्या. आमचा नाखवा त्यांच्यात आणखी एकीची भर घालतोय, गेली काही वर्षं.

मिररमध्ये पहिली चूक आरशाचीच व्हावी, हेही रीतीला धरूनच. दोन्ही बाजूंच्या फळ्या त्याने एकावर एक ठेवून कापल्या. इथवर गणिताला शोभेल असं काम. मग आतल्या अंगाच्या पट्ट्या चिकटवताना दोन्ही फळ्या एकाच कुशीवर निजवल्या. शिकंजे आवळले, रात्रभर ठेवलं. सकाळी उभ्या करून पाहिल्या तर दोन्ही डाव्या. उजवी बाजू नसलेली होडी सरळ जाईल का, यावर त्याने अर्धा तास गंभीर विचार केला म्हणतात.

दुसरी चूक धुराची. इपॉक्सी पातळ पसरलं तर शहाण्यासारखं वागतं. भांड्यात ढीग करून ठेवलं की आपल्याच उष्णतेने तापत जातं. याने लाकडाचा भुसा घालून थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट कालवलं आणि तेवढ्यात फोन घ्यायला गेला. परत येतो तो दह्याच्या डब्याचं बूड मऊ पडलेलं आणि गॅरेजात धूर. डबा चिमट्यात धरून म्हातारा हिरवळीकडे धावला. बायकोने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

आपल्याकडे असता तर एव्हाना गल्लीतल्या चौघांनी येऊन “अहो, एखादा सुतार बघा की” म्हणून सुनावलं असतं. इथला शेजारी कुंपणावरून “छान चाललंय!” म्हणतो आणि आपल्या शेडमध्ये शिरतो. तिथे त्याचं वाफेचं इंजिन गळत असतं.

चूक कळली की नाखवा आधी चहा टाकतो. मग कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीत चुकीकडे तोंड करून बसतो. ही खुर्ची होडीच्या सामानाइतकीच आवश्यक आहे. होडी बांधणाऱ्या जुन्या कारागिरांतही कण्हायची म्हणून एक वेगळी खुर्ची असायची. चहा संपला की रंधा, पटाशी, पॉलिशपेपर. चिकटवलेलं सोलायचं, खड्ड्यात लांबी भरायची, घासायचं, पुन्हा भरायचं. निम्मी होडी उभी राहते ती या घासण्यातून. त्याचा सगळा हिशेब वॉर्निशमध्ये दिसतो. आरंभी बेत असतो की लाकडाच्या रेषा दिसाव्यात म्हणून सगळ्या होडीला वॉर्निश. त्या दोन डाव्या फळ्यांनंतर आतून रंग द्यायचं ठरतं. तळाला बुजवलेली भोकं पाहून बाहेरूनही. डोलकाठीची चीर भरून होईपर्यंत वॉर्निश उरतं ते फक्त सुकाणूच्या दांड्याला. तो मात्र आरशासारखा झळकतो, कारण तो विकत आणलेला असतो.

अखेर एका शनिवारी होडी गाडीच्या टपावर चढते आणि रटलंड वॉटर या मोठ्या जलाशयावर येते. लाल शिडं पाहून लोक जमतात. कुणीतरी मनापासून म्हणतं, “काय सुंदर झालीय!” दुसरा कुणी असता तर ‘थँक्यू’ म्हणून मोकळा झाला असता. आमच्या नाखव्याला स्तुती पचत नाही. तो त्या भल्या माणसाचा हात धरून रंगाखालचा उंचवटा चाचपायला लावतो. इथे मी उलटं चिकटवलं होतं. हे भोक बघा, चुकीच्या जागी. हे दुसरं, त्याच्या शेजारी, तेही चुकीचंच. ऐकणारा निसटू पाहतो तेव्हा नाखवा तळाच्या शिवणीवर येतो, आणि ती कथा लांबलचक आहे. सकाळी गेलेल्या होड्या शर्यत संपवून परततात तेव्हा त्याचं निरूपण डोलकाठीपर्यंत पोचलेलं असतं.

तोवर वारा पडतो. मग लक्षात येतं, वल्ही गॅरेजातच राहिली.