बुजऱ्यांनी लग्नाला कसं जावं

डेल कार्नेगीने १९३६ साली माणसं जोडण्याचं पुस्तक लिहिलं. हसतमुख राहा, समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, असं त्यात सांगितलंय. बिचाऱ्याला आत्याच्या नणंदेने मंगल कार्यालयाच्या दारात गाठून ‘ओळखलंस का मला?’ असं कधी विचारलं नसणार. नाव लक्षात ठेवायला आधी ते माहीत असावं लागतं.

अशा वेळी ‘म्हणजे काय, न ओळखायला काय झालं!’ म्हणून झटकन वाकावं. वाकलं की आपला चेहरा दिसत नाही आणि आशीर्वाद संपेपर्यंत दहा-बारा सेकंद निभतात. मग येतंच, ‘सध्या काय करतोस?’ खरं उत्तर देऊ नये. ‘तेच’ म्हणावं. कुणी पुढे विचारत नाही.

मंगलाष्टकं म्हणजे आपला सुवर्णकाळ. बोलतात सगळेच, पण ऐकू कुणालाच येत नाही. शिवाय मुठीत अक्षता असतात, त्यामुळे हातांचं काय करायचं हा जन्माचा प्रश्नही तेवढ्यापुरता सुटतो.

पंचाईत होते ती जेवणाच्या वेळी. तेव्हा सरळ मठ्ठ्याचा जग उचलावा आणि पंगतीत शिरावं. दोनशे माणसांशी संवाद, शब्द एकच: ‘मठ्ठा?’ पलीकडून बहुतेक वेळा ग्लासवर नुसता हात आडवा येतो. किती सुसंस्कृत संभाषण!

गेल्या वैशाखात मी इतका मठ्ठा वाढला, की मुलीकडच्यांनी मला ‘फार पुढाकार घेणारा मुलगा’ ठरवून टाकलं. आता त्यांच्या धाकटीचा साखरपुडा आहे. सूत्रसंचालन माझ्याकडे.