देवावर भार टाकण्याची सुरक्षित पद्धत

सर्वप्रथम मोबाइलमधले कॅलेंडर उघडावे. वेळ नेमून दिल्याशिवाय मनःशांती येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. सकाळी ६:१० ते ६:२२ हा काळ बरा. त्याआधी दूधवाला येतो आणि त्यानंतर नळ जातो. या बारा मिनिटांना 'स्वस्थता' असे नाव देऊन पाच मिनिटे आधीचा गजर लावावा, म्हणजे स्वस्थ बसायला उशीर होणार नाही.

बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, असे काही जण सांगतात. सोसायटीच्या ग्रुपवर टँकरची वर्गणी मागायची जबाबदारी त्यांच्यावर नसावी. आपण तो पालथा घालून मांडीशी ठेवावा. थरथरला तर डोळे मिटूनच कोणाचा असेल याचा अंदाज बांधावा. एकाग्रता वाढते.

जपाची माळ शक्यतो टाळावी. मणी १०८ असतात हे ठीक, पण मेरुमणी ओलांडायचा नसतो, तिथून उलट फिरावे लागते आणि त्यात वेळ जातो. बोटात अंगठीसारखे घालायचे आकड्यांचे यंत्र मिळते, ते घ्यावे. आकडा पुढे जातो आणि मन मागे राहते, अशी तक्रार काही साधक करतात. त्यांनी मनाकडे बघणे सोडून आकड्याकडे बघावे.

सकाळच्या लोकलमध्ये टाळ-मृदंग घेऊन चढणाऱ्या भजनी मंडळींपासून मात्र जपून राहावे. ही माणसे रोजची, तीही ऑफिसलाच निघालेली. रेटारेटीत एका हाताने कडी धरून, घामाघूम होऊन गातात आणि उतरताना ताजीतवानी दिसतात. यांनी कुठे वेळ राखून ठेवलेला नसल्याने त्यांची शांती हिशोबात धरता येत नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे विश्वास. देवावर भार एकदम टाकू नये. गर्दीच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या मांडीवर बॅग द्यावी, पण पट्टा आपल्या मुठीत असावा, तसा टाकावा. मुलीची ॲडमिशन देवावर सोपवायची असेल तर आधी चार कॉलेजांचे फॉर्म भरावेत, एका ओळखीच्या माणसाला सांगून ठेवावे, मग सोपवावी. सोपवल्यावर दर दोन तासांनी काय झाले ते पाहावे. नवस बोलताना काम आधी आणि पेढे नंतर, हा क्रम स्पष्ट असावा. ॲडव्हान्स देऊ नये.

या पद्धतीला खरा अडथळा येतो तो पंढरपूरचा. पुंडलिकाच्या दारात साक्षात देव आला, तेव्हा हा आईवडिलांचे पाय चेपत बसला होता. त्याने वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. किती वेळ, तेही सांगितले नाही. देव अजून उभा आहे. सावता माळी अरणच्या मळ्यातच रमले, पंढरीला गेले नाहीत, तर पांडुरंगाची पालखी तिकडे जाते. गोरोबा तेरला चिखल तुडवत होते, जनाबाई दळत होती. कोणी रजा टाकल्याची नोंद नाही. त्या काळी मीटिंगा नव्हत्या, असे यावर म्हणता येईल. पण जनाबाईचे दळण आठवले की तोही मुद्दा फार ताणवत नाही.

शिवाय ज्याच्यावर भार टाकायचा त्याचीही ड्युटी बघावी. आषाढीच्या दिवसांत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. दर्शन चोवीस तास चालू, निजायची सोय नाही, म्हणून पाठीशी मऊ लोड देतात. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान आणि रात्री शिणवटा जायला काढा. तेव्हा आपली बदलीची वगैरे प्रकरणे काढ्यानंतरच पुढे सरकवावीत.

वारकऱ्यांना मार्गदर्शन विचारण्यात अर्थ नाही. आळंदीपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचे. निघताना कोणाची पेरणी झालेली, कोणाची पावसावाचून अडलेली. मागे पाऊस पडला की नाही हे फोन आल्यावर कळणार, आणि न पडल्याचे कळले तरी पाऊल पुढेच पडणार. बॅगेचा पट्टा कुठे दिसत नाही. कसे जमते विचारावे तर 'माउली, पुढे चला' एवढेच म्हणतात, कारण आपण रस्त्यात उभे असतो.

तरीही जायचेच असेल तर पुणे ते सासवड हा एक टप्पा पुरे. दिवेघाट चढताना कानात मीटिंग लावता येते. म्यूटचे बटण तेवढे तपासावे, नाहीतर शेजारचा टाळ थेट क्लायंटला ऐकू जातो. गेलाच, आणि हा आवाज कसला असे त्याने विचारले, तर नेटवर्कवर ढकलावे. बंद करू नका, जरा ऐकू द्या, असे तो म्हणाला तर काय करावे, याची सूचना अजून तयार व्हायची आहे.