तीन भिंतींचे गॅरेज

बदलापूरच्या शिरगावासारख्या, इमारतींनी भरत गेलेल्या वस्तीत इंग्रजी शब्दांच्या अर्थावरून होणारा वाद हा भाषाशास्त्राचा नव्हे, तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा विषय असतो. ‘स्टिल्ट’, म्हणजे इमारतीखालचा खांबांवर तोललेला मोकळा भाग, ज्यात मोटारी, मोडके पलंग आणि सार्वजनिक गणपती आळीपाळीने मुक्कामाला असतात, त्याला गॅरेज म्हणावे काय, हा प्रश्न दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या निमित्ताने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यात गॅरेज हा शब्द होता, त्याची व्याख्या मात्र नव्हती. आणि ज्याची व्याख्या नाही ते निर्धास्त विकावे, हा व्यवसायातला रूढ व्याकरणनियम होता. २०१० मध्ये न्यायालयाने स्टिल्टमधील जागा गॅरेज नसून सामाईक आहे आणि प्रवर्तकाला ती वेगळी विकता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंना भिंती बहाल केल्या.

त्याच कायद्याने ‘कार्पेट एरिया’, म्हणजे सदनिकेतील निव्वळ वापरायोग्य क्षेत्र, हेही ठरवून टाकले आहे. त्यानुसार आतल्या भिंतींखालची, सतरंजीचा धागाही जिथे शिरणार नाही अशी जागा कार्पेटात मोडते आणि उन्हाळ्यात वीज गेल्यावर शिरगावकर जिथे खरोखरच सतरंजी टाकून पडतो, ती बाल्कनी मोडत नाही.