चोर सोडून बाहुलीला सुळी

फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीत एक बाहुली हेर ठरली. नाव ‘माय फ्रेंड केयला’, केस सोनेरी, स्वभाव बडबडा. अंगात मायक्रोफोन आणि ब्लूटूथ. मुलीनं काही विचारलं की प्रश्न फोनमधल्या अ‍ॅपमार्फत इंटरनेटवर जायचा आणि उत्तर बाहुली द्यायची. ब्लूटूथला पिनच नव्हता. त्यामुळे भिंतीपलीकडच्या कुणालाही आपला फोन जोडून मुलीचं बोलणं ऐकता यायचं, वर बाहुलीच्या तोंडून तिच्याशी बोलताही यायचं. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेनं आदल्याच डिसेंबरात हे चव्हाट्यावर आणलं होतं. गप्पांच्या ओघात ही बाई डिस्नेच्या चित्रपटांची तारीफ करते, हेही परिषदेच्या कानावर आलं होतं.

साध्या वस्तूत दडवलेलं चोरून ऐकणारं यंत्र नुसतं बाळगणं हाही जर्मनीत गुन्हा, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. आता पाच वर्षांच्या मुलीला आत टाकायचं तरी कसं? बुंडेसनेत्झआगेंतूर या सरकारी नियामकानं विक्री बंद केली, पालकांवर कारवाई करणार नाही म्हणून दिलासा दिला आणि घरातली बाहुली निकामी करायला सांगितलं. एवढ्यावर भागलं तर ते सरकारी खातं कसलं! बाहुली नष्ट केल्याच्या दाखल्याचा छापील नमुनाही निघाला. तो कचरा केंद्राकडून भरून घ्यायचा. म्हणजे बापानं लेकीची बाहुली काखोटीला मारून केंद्रावर जायचं, तिचा निकाल लागेपर्यंत थांबायचं आणि कागद घेऊन घरी यायचं. घरी लेकीला काय सांगायचं, याचा रकाना नमुन्यात नव्हता. एक केयला मात्र नशीबवान निघाली. तिला बर्लिनच्या हेरगिरी संग्रहालयात जागा मिळाली.

हाँगकाँगच्या व्हीटेक कंपनीचं प्रकरण याहून मोठं, म्हणून बहुधा शिक्षा लहान. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिच्या खेळण्यांमागची माहिती चोरीला गेली. जगभरातले सुमारे ४८ लाख पालक आणि ६४ लाख मुलं. नावं, वाढदिवस, फोटो, आईबाबांशी केलेल्या गप्पा, सगळं. त्यानंतर काही महिन्यांतच कंपनीच्या नियम-अटींत एक कलम झळकलं: तुमची माहिती सुरक्षित नसू शकते, ती भलत्यांच्या हाती पडू शकते, आणि हे तुम्हाला मान्य आहे. एसटी स्टँडवर ‘आपल्या सामानाची काळजी आपण घ्यावी’ अशी पाटी असते, तसलाच हा प्रकार. कुलूप बदललं असेलही, पण पाटी मात्र ठळक लागली. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ६ लाख ५० हजार डॉलरवर प्रकरण मिटवलं. ६४ लाख मुलांत ही रक्कम वाटली तर डोईमागे १० सेंट येतात, म्हणजे त्या वेळच्या दरानं साडेसहा रुपयांच्या आसपास.

‘क्लाउडपेट्स’ नावाच्या मऊ प्राण्यांची कथा तर आणखी हळवी. परगावच्या बाबांनी फोनवर निरोप बोलायचा, तो घरातल्या अस्वलानं ऐकवायचा आणि बाळाचं उत्तर परत बाबांना. २०१७ च्या सुरुवातीला कळलं, की आठ लाखांवर खात्यांचा तपशील ज्या डेटाबेसमध्ये ठेवला होता त्याला पासवर्डच नव्हता. २० लाखांवर निरोपांपर्यंत पोहोचण्याची वाटही तिथूनच जात होती. पालकांना मात्र पासवर्ड ठेवावा लागे. तो कसा ठेवावा याच्या कंपनीच्याच व्हिडिओत ‘क्यूडब्ल्यूई’ असा नमुना होता, कीबोर्डवरची लागोपाठची तीन अक्षरं. बाळाचंही बोट पोचेल इतकी सोय. जून २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉननं या अस्वलांना दुकानाबाहेर काढलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाळी आली एपिटर या चिनी रोबो-खेळण्यांच्या कंपनीची. तिचं अँड्रॉइड अ‍ॅप चालवायला मुलाचा ठावठिकाणा द्यावाच लागे, आणि तो पालकांच्या संमतीवाचून चीनमधल्या तिसऱ्याच कंपनीला पोहोचत होता. अमेरिकी सरकारनं ५ लाख डॉलरचा दंड ठरवला आणि भरायची ऐपत नाही म्हणून लगेच स्थगितही केला. गृहकर्जाचा हप्ता थकलेल्यांनी या न्यायतत्त्वाचा जरूर अभ्यास करावा.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यासाठी रंगातलं शिसं तपासतात, धारदार कडा तपासतात, विजेवरचं खेळणं तापतं का तेही बघतात. कान तपासायचं काम दुसऱ्या खात्याकडे, म्हणजे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडे. तो कागदावर कडक आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, मुलांवर पाळत नको, त्यांना हेरून जाहिराती नकोत. मोडाल तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची सवड मिळाली.

म्हणजे मे २०२७ पर्यंत बोलक्या अस्वलांना उन्हाळी, दिवाळी आणि नाताळची सुट्टी. त्यानंतर संमती देणारा माणूस खरोखर सज्ञान आहे, याची खात्री कंपनीनं करून घ्यायची. त्यासाठी आईबाबांनी आपलं वय आणि ओळख पटवायची, हवं तर डिजिलॉकरमार्फत. बाळाची माहिती बाहेर जाऊ नये, म्हणून अस्वलाच्या मालकाला आधी बाबांची द्यायची.