हात लावा, पण कुठे?

रंगारी स्वयंपाकघरात शिरला की सगळ्यात आधी भिंत मागतो. ‘ते गॅसचं पुढं घ्या,’ एवढं सांगून तो तंबाखू मळायला गॅलरीत जातो, आणि घरातल्या पुरुषवर्गावर प्रसंग ओढवतो. दोन बर्नरची साधी शेगडी असेल तर वहिनी ती एका हाताने उचलतात, दुसऱ्या हाताने खालचा ओटा पुसून घेतात, आणि त्यांनी काही काम केलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण आखातातून परतताना भाऊजींनी आणलेली, वर पाच बर्नर, खाली ओव्हन अशी 90 सेंटीमीटर रुंदीची कुकिंग रेंज असेल, तर तिला हलवायला घर पुरत नाही. सोसायटी लागते.

या रेंजमध्ये केक झाला तो आल्या वर्षी. त्यानंतर ओव्हनमध्ये कढया राहायला गेल्या. मागोमाग बिडाचे तवे, इडलीपात्र, आप्पेपात्र आणि लग्नात आलेलं, अजून खोक्यातून न निघालेलं पुडिंगचं भांडं. रेंज मुळातच सत्तर किलोच्या घरात. तिच्या पोटातल्या संसाराचं वजन कंपनीने कुठे छापलेलं नाही. हलवण्याआधी ओव्हन रिकामा करायचा, आतल्या जाळ्या आणि ट्रे काढायचे, वरच्या बिडाच्या जड जाळ्या आणि बर्नरच्या टोप्या उतरवून ठेवायच्या, हे वहिनींना ठाऊक असतं. त्या तसं म्हणतातही. पण तोवर सभेचं कामकाज सुरू झालेलं असतं.

सभेला चेअरमन असतात, सरकारी खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेले अण्णा असतात, मोबाइलवर व्हिडिओ लावून बसलेला आयटीतला पुतण्या असतो, आणि दिवाळसणाला आलेले जावई असतात. जावयांना हात लावू देता येत नाही, त्यामुळे त्यांचं मत सगळ्यांत ठाम. अण्णांनी आयुष्यात पूल बांधले आहेत, स्वयंपाकघरात मात्र ते पाणी प्यायला येतात, तेही दारापर्यंत. चेअरमन पहिला मुद्दा मांडतात : रेंज पुढे घ्यायची की भिंतच तेवढी सोडून रंगवायची? दुसऱ्या पर्यायाला उत्स्फूर्त पाठिंबा मिळतो. वहिनी नुसत्या बघतात. ठराव मागे घेतला जातो.

मग गॅस बंद करण्याचा विषय. इथे पुरुषांना विलक्षण माहिती असते. सिलिंडरच्या गळ्यावर इंग्रजी अक्षर आणि आकडे असतात, त्यातलं अक्षर वर्षाची तिमाही सांगतं, म्हणजे ‘सी’ आणि पुढे 27 असेल तर जुलै ते सप्टेंबर 2027 मध्ये त्या टाकीची तपासणी यायची, हे अण्णा ओळीने सगळ्यांना समजावतात. घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो आणि लोखंड साधारण तेवढंच, हे चेअरमन जोडतात. मुळात गॅसला वास नसतो, तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा, हे पुतण्या व्हिडिओतून वाचून दाखवतो. एवढ्या ज्ञानाच्या उजेडात रेग्युलेटरचा खटका चालूच असतो. तो वहिनी बंद करतात, नळीत उरलेला गॅस जाळून टाकायला एक बर्नर पेटवून विझू देतात आणि मग रेग्युलेटर काढून टाकीवर टोपी घालतात. नळी नारंगी, आत तारेची, पाच वर्षांची मुदत अंगावर छापलेली. मुदत कधी संपली हे वाचण्यासाठी चष्मा शोधला जातो. चष्मा सापडेपर्यंत विषय बदलतो.

ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांनी फार हसू नये. भिंतीवरचा कॉक आडवा केला की आपण मोकळे, अशी त्यांची समजूत. त्या पाइपची जागा बदलायची तर गॅस कंपनीचा माणूसच लागतो, पण आपल्याकडे प्रत्येक इमारतीत एक नळवाला असतो जो ‘त्यात काय एवढं’ म्हणून सुरुवात करतो.

वास येतोय का, हे ठरवण्याचा आपला राष्ट्रीय उपाय म्हणजे काडी ओढणे. ‘लाव काडी, कळेल लगेच,’ असं म्हणणारा एक काका प्रत्येक खानदानात असतो. कळतं खरं लगेच. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली फरशीवर पसरून बसतो, म्हणून उभ्या माणसाला वास कमी येतो आणि ओट्याखाली वाकून काम करणारीला जास्त. पाइपमधला हलका, तो वर चढतो. दोन्ही वेळा करायचं एकच : खिडक्या उघडायच्या आणि दिवा-पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, कारण ठिणगी बटणातही असते. काका मात्र ‘वारं येऊ दे’ म्हणत आधी पंखा लावतात. 1906 हा मदतीचा नंबर टाकीच्या पुस्तकात असतो, आणि पुस्तक कपाटात दागिन्यांशेजारी.

चुलीच्या इतिहासात एक गृहस्थ मात्र वेगळे निघाले. स्वीडनचे गुस्ताफ डालेन, 1912 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी. त्याच वर्षी गॅसच्या प्रयोगात स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली. पुढे घरात बसून असताना, बायकोचा दिवस चुलीभोवती किती खर्ची पडतो हे त्यांच्या ध्यानात आलं, अशी कथा सांगतात. त्यातून 1922 मध्ये आगा नावाची बिडाची चूल निघाली, जी आजही इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांच्या घरांत असते. तिचं वजन अर्ध्या टनाच्या आसपास जातं. ती ढकलत नाहीत, जाणकार माणूस बोलावून सुटी करतात आणि दुसऱ्या जागी पुन्हा जोडतात. डोळे गेलेल्या माणसाला जे दिसलं ते दिसायला आमच्या सभेतल्या आठ डोळ्यांना रंगारी बोलवावा लागला.

आता प्रत्यक्ष उचलणे. पहिला हात नेहमी ओव्हनच्या दाराच्या दांडीला जातो. ती चकचकीत असते, हाताच्या उंचीवर असते आणि धरण्यासाठीच केल्यासारखी दिसते. तिला धरून ओढलं की दार उघडतं, सगळा भार पुढे येतो आणि रेंज आपल्या अंगावर नमस्काराला वाकते. अमेरिकेत अशी रेंज पुढे उलटून मुलं भाजली, माणसं दगावली, तेव्हा 1991 पासून तिथल्या सुरक्षा मानकांनी मागच्या पायाला अडकवणारी लोखंडी पकड सक्तीची केली. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या भाड्याच्या घरांतही ती असायला हवी, म्हणून तिथे रेंज परत ढकलताना मागचा पाय पुन्हा पकडीत बसवावा लागतो. आमच्याकडे रेंजला पकड नसते. ‘धरा, धरा’ असं ओरडणारे असतात. दाराला चिकटपट्टी लावावी, वरचं काचेचं झाकण काढावं किंवा कापडात गुंडाळावं, नॉबला तर कोणी शिवूच नये. हे सगळं वहिनी चिकटपट्टी घेऊन करत असतात, तेवढ्यात अण्णा गुरुत्वमध्य कुठे येईल ते हवेत बोटाने काढून दाखवतात.

खालचे पाय स्क्रूचे, उंची कमीजास्त होणारे. आडवा धक्का दिला की तेच मोडतात किंवा टाइलची कड उडवतात. म्हणून एका बाजूने जरासं उचलून पायांखाली गोणपाट किंवा जुनी सतरंजी सरकवायची, मग तिच्यासकट हळू ओढायचं. पाठ वाकवून उचलायचं नाही, गुडघे वाकवायचे. गुडघे या शब्दावर सभेत शांतता पसरते. चेअरमनचा एक गुडघा बदललेला, अण्णांचा तारखेची वाट पाहतोय. जावयांना तर हात लावायची बंदीच. पुतण्या म्हणतो, बेल्ट मिळतात, ऑनलाइन मागवू, उद्या येतील.

शेवटी खालून वॉचमन आणि इस्त्रीवाला येतात, भांडी घासायला आलेल्या मावशी कोपरा धरतात, वहिनी गोणपाट सरकवतात आणि रेंज दीड हात पुढे येते. चेअरमन म्हणतात, ‘आपण केलं!’

मागे जे सापडतं त्याची यादी सभ्य वर्तमानपत्रात द्यावी असं नाही. झुरळं, रबरं, शिट्टीचं वजन, लसणीची सालं, गॅस सिलिंडरची जुनी पावती. आणि सांडशी. ही सांडशी गेल्या वर्षी नाहीशी झाली तेव्हा मावशींच्या पिशवीकडे घरात दोन-तीनदा पाहिलं गेलं होतं. आज मावशीच ती काढून, धुऊन, खिळ्याला अडकवतात. त्यांची माफी मागण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसल्याने चर्चेला येत नाही. त्याऐवजी अण्णा म्हणतात, ‘फार दमलो. जरा चहा टाका.’ गॅस सोडवून ठेवलेला आहे याची त्यांना आठवण करून द्यावी लागते. शेजारून थर्मास येतो.

दोन दिवसांनी भिंत वाळते. परत आत ढकलण्याला पुरुषवर्ग काम समजत नाही, पण खरी गोम तिथे आहे. ढकलताना नळी रेंज आणि भिंत यांच्यात चेपते, मोडते, नाहीतर ओव्हनच्या गरम पाठीला चिकटते, आणि समोरून काहीच दिसत नाही. वहिनी ओट्यावर वाकून, टॉर्च तोंडात धरून, नळी बाजूला ओढत राहतात आणि बाकीचे ‘अजून, अजून’ म्हणतात. मग त्या वाटीत साबणाचा फेस करतात, रेग्युलेटर लावतात, नळीच्या दोन्ही टोकांना फेस फासतात. बुडबुडे नाहीत. रेंजसमोर उभे राहून फोटो निघतो, सोसायटीच्या ग्रुपवर जातो, खाली अंगठे उमटतात.

वहिनी रेंजवर ताट ठेवून त्यात पाणी ओततात. पाणी डावीकडे मागे जमतं. ‘डावा पाय बसलाय. तेल एका बाजूला पळेल, घावन जळेल,’ त्या म्हणतात. ‘पुन्हा पुढं घ्यावी लागेल.’

दिवाणखान्यात पंखा फिरतोय. सोफ्यावर थर्मासचं झाकण, दाराशी एकही चप्पल नाही.