महाराजांना खुर्ची मिळेना

फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराजांच्या एअर इंडियाने एका दमात ४७० विमानं मागवली. २५० एअरबसची, २२० बोइंगची. चार महिन्यांत इंडिगोने ५०० मागवली. एका जावेने पैठणी घेतली की दुसरीला शालू हवाच!

नवी विमानं येतील तेव्हा येतील, तोवर जुनीच नटवायची, असा एअर इंडियाचा ४० कोटी डॉलरचा बेत. पण घोडं अडलं खुर्चीपाशी. बिझनेस क्लासची आडवी होणारी खुर्ची म्हणजे काही कोपऱ्यावरच्या सुताराचं काम नव्हे. गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट धक्का देऊन, वर पुतळा बसवून तिची परीक्षा घेतात. बनवणारे मोजके, आणि त्यांच्या दारात जगभरच्या कंपन्या ताटकळत. बोधचिन्ह मात्र झटपट बदललं, मनीष मल्होत्रांचे गणवेशही आले. रंगाला आणि शिलाईला सुटे भाग लागत नाहीत ना!

त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून अमेरिकेचा प्रवास आणखी लांबला. म्हणजे त्याच जुन्या खुर्चीचा सहवास वाढला. जादा आकार नाही, हे नशीबच म्हणायचं.