फळं खा, आजी!

सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाला मिळणारा सल्ला सगळ्या महाराष्ट्रात एकच असतो. मीठ कमी करा, फळं खा, दूध घ्या, रोज थोडं चाला आणि टेन्शन घेऊ नका. मलबार हिलवर हेच सांगतात आणि उंबरमाळीतही हेच. राज्यात समता नाही असं कोण म्हणतं?

उंबरमाळी कुठे, ते मुंबईकराला सांगावं लागतं. कसारा लोकलमध्ये खर्डी मागे पडली की येतं ते, कसाऱ्याच्या अलीकडचं. इथवर बहुतेकांची झोप झालेली नसते. जुलै २०२१ च्या पावसात पाणी रुळांवरून चढत फलाटाला टेकलं, तेव्हा दोन दिवस हे नाव टीव्हीवर होतं. पाणी ओसरलं, नावही ओसरलं.

तर, चालणं. शहापूर तालुक्यातल्या म्हातारीला ‘चालत जा’ सांगणं म्हणजे माशाला पोहायचा सल्ला. हा भातसा-तानसाचा तालुका. इथलं धरणातलं पाणी मुंबईच्या नळाला आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकर. टँकर आला नाही की हंडा, आणि हंडा उचलायला घरात जी कोणी उरली असेल ती. दिवाळीनंतर तरणी माणसं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, मागे राहते आजी आणि शाळेतली नातवंडं. चाळीस वर्षं हंडे वाहिलेल्या त्या गुडघ्याचा एक्स-रे नीट पाहिला, तर त्यात मुंबईची पाणीपट्टी दिसेल. थकबाकीसकट.

मीठ. हा भाग मात्र गंभीर आहे. भात भरपूर आणि त्याला लावायला काहीच नाही, अशा घरात सुकट हेच कालवण. पावसाळ्याच्या तोंडावर सुकट, बोंबील भरून ठेवायचे आणि चार महिने पुरवायचे. मूठभर सुकटीत अख्ख्या घराचा भात उतरतो, कारण ती खारट असते. गरिबाच्या ताटात मीठ चवीसाठी नसतं, भाजीच्या जागी असतं. ‘मीठ कमी करा’ याचा इथला अर्थ ‘कोरडा भात खा’ असा होतो. रेशनवर तांदूळ फुकट मिळतो, केळी मिळत नाहीत. मग रक्तदाब चढतो आणि केसपेपरवर ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा पडतो. केसपेपरवर वय लिहायला जागा आहे, वजन लिहायला आहे. घरात महिन्याला किती येतात, ते लिहायला रकाना नाही.

गोळीचंही तसंच. गोळी रोज घ्यायची असते, पण पुडी संपत आली की आजी ती एक दिवसाआड घेऊ लागते. अडाणीपणा नव्हे, हिशोब आहे तो. पुडी पुन्हा आणायची तर लोकल पकडायची. लोकलचं तिकीट स्वस्त, तक्रार नाही. पण शहापूरला जायचं तर आसनगावला उतरून पुढे रिक्षा, आणि घरापासून स्टेशनपर्यंतचं पायी. सोबत मुलगा आला तर त्याचा खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगलंच झालं, त्याबद्दल तिरकं बोलणार नाही. पण फुकटच्या गोळीला एका दिवसाची मजुरी पडते, हे शासन निर्णयात येत नाही. मुरबाडकडच्या आजीला तर लोकलही नाही. तिने एसटीची वाट बघायची. पंच्याहत्तरी गाठली असेल तर तिचं तिकीट फुकट. सोबतच्या मुलाचं नाही.

आता पाच लाखांचं बघू. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, घरामागे वर्षाला पाच लाखांचं आयुष्मान संरक्षण आहे. कार्ड काढलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. हे पैसे मिळतात रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळीला ते नाहीत, रिक्षाला नाहीत, अंड्याला नाहीत. म्हणजे रक्तदाबाची गोळी परवडली नाही तर थांबा, लकवा मारू द्या, मग आम्ही आहोत.

फुकट दवाखान्याने सगळं भागत असतं, तर लंडनच्या कारकुनांचं काही बिघडलंच नसतं. तिथे १९६७ मध्ये सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल नावाचा. सगळे कायम नोकरीतले, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा फुकट. तरी सगळ्यात खालच्या पायरीवरच्या शिपाई-दरवानांचं मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही फरक पुसला गेला नाही. पगाराची पायरी छातीत जाऊन बसते. आणि लंडनचा शिपाई म्हणजे उंबरमाळीच्या मानाने बडा माणूस. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा.

इथे महिन्याला काय येतं? केंद्राने १९९५ साली गरीब वृद्धांना पेन्शन सुरू केलं, महिना ७५ रुपये. २००६ मध्ये ते २०० केलं. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचे अजूनही दोनशेच. तेव्हा जन्मलेलं पोर आता मतदान करतं, दोनशे मात्र दोनशेच. ऐंशी ओलांडली की पाचशे. तिथवर दोनशेवर तगून दाखवायचं. महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेत स्वतःची भर घालून रक्कम २०२३ मध्ये दीड हजारावर नेली. दिवसाला पन्नास रुपये. विधानसभेतून निवृत्त होणाऱ्या माजी आमदाराला महिन्याला किमान पन्नास हजार. आमदारांना म्हातारपण तेहतीस पटीने जास्त येत असावं.

बरं, हे दीड हजार मिळायला अट काय? वय ६५ आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. ते नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. भागाकार करा, अख्ख्या घराचे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. साठावा रुपया कमावलात तर तुम्ही सुखवस्तू. एवढ्या कमी उत्पन्नात घर जिवंत कसं राहतं हे कोणी विचारत नाही, पण तसं राहतं याचा तहसील कार्यालयाचा दाखला मागतात. शहापूरला जाऊन. पुन्हा खाडा.

आणि याच सरकारची दुसरी योजना बघा. लाडकी बहीण. तेही दीड हजारच. वय २१ ते ६५, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. म्हणजे पासष्टीपर्यंत अडीच लाखांच्या घरातली बाई सरकारच्या लेखी गरजू. पासष्टावा वाढदिवस सरला की ती लाडकी राहत नाही, बहीणही राहत नाही. तेच दीड हजार हवेत तर आता यादी दाखव, नाहीतर घराचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत दाखव. दवाखान्याचा खर्च खरा सुरू होतो त्या वयात गरजेची व्याख्या बारा पटीने आवळायची, हे ज्याला सुचलं त्याला साष्टांग नमस्कार. आजीचं चुकलं एकच, वेळेवर म्हातारी झाली.

‘म्हाताऱ्यांना पैसे दिले की ते स्वतःवर कुठे खर्च करतात, नातवंडांना देतात’, असं चावडीवर ऐकायला मिळतं. अगदी खरं आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपता संपता काळ्या वृद्धांचं पेन्शन गोऱ्यांच्या बरोबरीला आणलं गेलं. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी त्याचा अभ्यास केला, तर ज्या घरात आजीच्या हातात पेन्शन येत होतं तिथल्या नातींची वाढ सुधारलेली दिसली. आजोबांच्या पेन्शनने तसं काही झालं नाही. त्यावर टिप्पणी करत नाही, घरी जायचंय. दुसऱ्या अर्थतज्ज्ञ ॲन केस यांना तिथेच आढळलं की पैसा एका पातेल्यात जातो त्या घरात सगळ्यांचीच तब्येत सुधारते. म्हणजे एक पेन्शन, दोन पिढ्यांचं औषध. आपल्याकडे मात्र ‘ती पैसे नातवाला देते’ ही तक्रार म्हणून सांगतात, तीही नातवाच्याच वयाची माणसं.

कारखान्यातून रिटायर झालेल्याचं बरं असेल, असं वाटत असेल तर वासिंद-आसनगावकडे एखादा कामगार गाठा. भविष्य निर्वाह निधीवाल्यांचं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपये. अनेकांचं त्याच्या आसपासच घुटमळतं. आयुष्यभर नावावर पैसे भरले जाऊन हजार, आणि काहीही न भरता दीड हजार. भरलेल्या पैशांत माणूस कुठे राहिला, ते शोधायला पुन्हा एक अर्ज करावा लागेल.

नाही म्हणायला फेब्रुवारी २०२४ ची वयोश्री योजना आहे. पासष्टीपुढच्यांना एकदाच तीन हजार, साहित्य घेण्यासाठी. यादी मोठी मायेने केलीय: चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा. पट्टे भरपूर, कारण पट्ट्याने माणूस सरळ उभा दिसतो. सुकटीऐवजी महिनाभर डाळ खावी, रोजची गोळी रोज घ्यावी, एखाद्या सोमवारी मुलाचा खाडा न करता रिक्षाने जाऊन यावं, ही सोय ‘उपकरण’ या व्याख्येत बसत नाही. व्हीलचेअर बसते. पाड्याच्या पायवाटेवर ती कशी ढकलायची ते लाभार्थ्याने ठरवायचं.

आणि काठी. तीन हजारांच्या यादीत काठी आहे खरी, पण उंबरमाळीच्या रानात ती चांगली जाड, सरळ, फुकट मिळते. तोडताना फॉरेस्टवाल्याने बघितलं नाही म्हणजे झालं.